विषय क्रमांक चार

दिल्लीत पाच वर्षं बाबा एकच वाक्य बोलले.
बसा. कृपया बसा. आपण आधी बसून घ्या.
साडेपाचशे माणसांना, रोज,
कधी हात जोडून, कधी घंटी वाजवून,
कधी नुसतं चष्म्यावरून बघून.
मी टीव्हीवर पाहायचे:
ते जितकं बसा म्हणत, तितके लोक उभे.

आता खामल्यात, मे महिन्यात, कुलरसमोर
बनियनवर बसलेल्या माणसाला
कोणी अध्यक्ष महोदय म्हणत नाही.
पराते काका म्हणतात भाऊ.
आत्या त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी, ती म्हणते,
'बाळ्या, खसच्या ताटीवर पाणी मार, निसता बसून नोको राहू.'

आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात प्लंबर आला.
बाबा सवयीनं म्हणाले, बसा.
आणि तो बसला.
पाणी मागितलं, प्यायला, वर 'लय ऊन हाय बाप्पा' म्हणाला.
बाबा बघतच राहिले त्याच्याकडे,
जणू घटनादुरुस्ती झाली
एका आवाजात, चर्चेविना.

रविवारी सोसायटीची सभा. गच्चीवर,
दिवस बुडाल्यावर, बादलीनं पाणी शिंपडून,
तरी सतरंजीखालून तव्यासारखी वाफ.
अध्यक्षस्थानी अर्थात बाबा.
विषय क्रमांक चार:
गेटवरच्या देवचंद उईकेला खुर्ची द्यावी काय.

'दिली का झोपते तो,' हेडाऊबाई म्हणाल्या.
'बारा घंटे कोन उभं रायते जी?' पराते काका.
'पायरीवर टेकतेच की.'
'मंग खुर्चीनं काय बिघडते?'
'आज खुर्ची मागते, उद्या पंखा मागन.'
मग लिफ्टचं जुनं भांडण निघालं,
मग कोणाच्या तरी कुत्र्याचं.
बाबा म्हणाले, बसा.
सगळे बसलेलेच होते.

सात हात वर. मग दुसरे सात.

त्या पाच वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.
बहुमत कायम भरल्या पोटाचं,
निर्णायक मत बाबांच्या खिशात पडून राहिलं
बदलायची मुदत टळलेल्या नोटेसारखं.
आता ती नोट चालणार होती,
आमच्या गच्चीवर, एका खुर्चीपुरती.

बाबांनी घसा साफ केला. मला तो आवाज माहीत आहे.
'समसमान मतं पडली की अध्यक्षानं
आहे ते तसंच राहू द्यावं, असा संकेत आहे.
बदल करायचा तर तो सभागृहानं करावा,
एकट्या माणसानं नाही.
सबब, ठराव नामंजूर.'

कोणी टाळी वाजवली नाही, हेडाऊबाईंनीसुद्धा.
आत्या म्हणाली, 'चुलीत घाल तुझा संकेत.'
'हे वाक्य कामकाजातून वगळावं,' बाबा म्हणाले.
कामकाज कोणी लिहीतच नव्हतं.

रात्री अकराला जिन्यावर काहीतरी घासत गेलं.
थांबलं. पुन्हा घासलं.
मी गॅलरीत आले.
बाबा आपली वेताची खुर्ची ओढत नेत होते,
ती, जिचा डावा हात तारेनं बांधलेला आहे,
एकेका पायरीवर टेकवत, दम खात,
बनियनवर सदरा चढवलेला, वरची गुंडी लावलेली.

गेटपाशी त्यांनी ती ठेवली.
रस्ता अजून तापलेला, निंबाचं पान हलत नव्हतं.
'बसा,' ते म्हणाले.
इतक्या हळू हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.
'तुमी बसा साहेब.'
'मी पुष्कळ बसलो.'
'तुमच्यासमोर कसा बसू जी?'
'ही सोसायटीची नाही. माझी आहे.'
'थेच तं.'

मला वरून ओरडावंसं वाटलं, बस ना रे देवचंद,
किंवा, बाबा, तुम्ही वर या ना,
म्हणजे तो बसेल.
पण गॅलरीतल्यांनी बोलायचं नसतं,
हे मला लहानपणी त्यांनीच शिकवलं,
पास हातात देताना, बोट ओठांवर ठेवून.

खुर्चीच्या एका बाजूला देवचंद, काठी टेकून.
दुसऱ्या बाजूला बाबा, हात मागं बांधून.
कुठलंतरी बोलणं चाललं होतं, गोरेवाड्याचं,
पाण्याचं, देवचंदच्या मुलीच्या निकालाचं.
पायाला मुंग्या आल्या तेव्हा मी आत गेले.
ते दोघं अजून उभेच.